सीमारेषा कोणाची? : आकृती आणि भूमी यांच्या पृथक्करणाच्या संशोधनाचा इतिहास

१

छापील पृष्ठावरील अक्षरे काळी आणि कागद पांढरा असतो, हे सांगावयास शास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. परंतु काळा भाग जेथे संपतो व पांढरा जेथे सुरू होतो, ती रेषा अक्षराची की कागदाची, असे विचारल्यास वाचक क्षणभर थबकेल आणि मग ती अक्षराची आहे, असे निःशंकपणे सांगेल. ‘ठ’ या अक्षराच्या पोटात एक पांढरी वाटोळी तबकडी असते. तथापि जन्मभर मराठी वाचणाऱ्यासही ती तबकडी म्हणून सहसा दिसलेली नसते. तो भाग त्यास कागदाचाच वाटतो, आणि कागद अक्षराच्या खालून अखंड पसरलेला आहे, असे तो नकळत धरून चालतो. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशात मात्र असा कोणताही भेद नसतो. तेथे असते ती केवळ तीव्रतेची आणि रंगाची कमीअधिकता. कोणता भाग वस्तू आणि कोणता तिच्यामागील जागा, हे प्रकाश सांगत नाही. तो निवाडा पाहणाऱ्याचा मेंदू करतो.

हा निवाडा कसा होतो, या प्रश्नास मानसशास्त्रात आकृती व भूमी यांच्या पृथक्करणाचा प्रश्न असे म्हणतात. तो १९१५ साली प्रथम स्पष्ट व पद्धतशीर रीतीने मांडला गेला, आणि मज्जापेशींच्या पातळीवर त्याचे नेमके उत्तर हाती येऊ लागण्यास २००० साल उजाडावे लागले. मधल्या ८५ वर्षांत एक भव्य उपपत्ती उभी राहिली व ढासळली. तिच्या पाठोपाठ आलेल्या एका थोर शोधाने निराळ्याच प्रश्नाचे उत्तर दिले. मूळ निरीक्षण मात्र सर्व काळ ग्रंथांतून अबाधित राहिले. उपपत्ती त्याज्य ठरली म्हणजे तिने पुढे आणलेला प्रश्नही त्याज्य ठरतो काय, हा या इतिहासातील खरा मुद्दा आहे. त्या दृष्टीने त्यातील प्रमुख टप्प्यांचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

२

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृष्टीच्या अभ्यासावर हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांच्या विचारांची खोल छाप होती. शारीर प्रकाशविज्ञानावरील त्यांचा बृहद्ग्रंथ १८५६ ते १८६७ या काळात खंडशः प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते दृष्टिपटलाच्या निरनिराळ्या बिंदूंवर पडलेल्या प्रकाशामुळे निरनिराळी वेदने उत्पन्न होतात, आणि पूर्वानुभवाच्या आधारे मन त्यांवरून बाहेरील वस्तूंविषयी अनुमान करते. हे अनुमान करणाऱ्याच्या जाणिवेत येत नाही. म्हणून त्यांनी त्यास ‘अबोध अनुमान’ असे नाव दिले. वेदन म्हणजे इंद्रियांवर झालेला केवळ परिणाम, आणि संवेदन म्हणजे त्यातून झालेले वस्तूचे ज्ञान, ही दोन मजली रचना त्या काळच्या बहुतेक ग्रंथांत गृहीत धरलेली आढळते.

या रचनेत एक पायरी सुटली होती. आपल्याकडील नैयायिकांच्या परिचित उदाहरणाने ती दाखविता येईल. ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे’ या अनुमानात पर्वत हा पक्ष होय. अनुमान करण्यापूर्वी तो आकाशापासून व सभोवारच्या रानापासून वेगळा म्हणून ज्ञात असावा लागतो. ज्याविषयी अनुमान करावयाचे ते अगोदर निराळे झाले पाहिजे. दृष्टिपटलावरील असंख्य बिंदूंपैकी कोणते बिंदू पर्वताचे आणि कोणते आकाशाचे, ही वाटणी कोण करतो, याचे उत्तर अबोध अनुमानाच्या कल्पनेत नव्हते. वाटणी झाली आहे असे धरूनच ती पुढे जात होती.

या उणिवेकडे अप्रत्यक्षपणे लक्ष वेधणारा एक निबंध क्रिस्टियान फॉन एरेनफेल्स यांनी १८९० साली लिहिला. एखादी चाल निराळ्या पट्टीत गायली असता तिचा प्रत्येक स्वर बदलतो, तरी ऐकणारा ती चाल ओळखतो. तेव्हा चाल म्हणजे स्वरांची बेरीज नव्हे. सुट्या घटकांत नसलेला एक गुण समग्रतेच्या ठिकाणी असतो. एरेनफेल्स यांनी हा गुण घटकांच्या जोडीस आलेला आणखी एक घटक मानला. घटक हेच प्राथमिक, ही समजूत त्यांनी सोडली नव्हती. पण तिला तडा मात्र गेला होता.

चित्रकारांना व छापणाऱ्यांना या प्रश्नाची व्यावहारिक बाजू फार पूर्वीपासून ठाऊक होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर काही मुद्राचित्रे प्रसृत झाली. त्यांत वरवर पाहता एक कलश दिसे. परंतु कलशाच्या दोन्ही बाजूंच्या रेषा म्हणजे सोळावा लुई आणि त्याची राणी यांच्या मुखाच्या कडा होत्या. ज्याला ठाऊक असे, त्याला कलश लोपून समोरासमोर पाहणारे दोन चेहरे दिसत. रेषा एकच, परंतु ती कोणाच्या मालकीची यावर दिसणारी वस्तू अवलंबून होती. या गमतीतील शास्त्रीय प्रश्न ओळखला जाण्यास मात्र आणखी सव्वाशे वर्षे लागली.

३

तो ओळखणारे एडगर रुबिन हे १८८६ साली कोपनहेगन येथे जन्मले. त्यांनी तेथे हॅरल्ड हॉफडिंग यांच्या हाताखाली तत्त्वज्ञानाचा व मानसशास्त्राचा अभ्यास केला, आणि पुढे ग्यॉटिंगेन येथे जी. ई. म्युलर यांच्या प्रयोगशाळेत काम केले. दृष्टीने संवेदित होणाऱ्या आकृतींविषयीचा त्यांचा प्रबंध १९१५ साली डॅनिश भाषेत प्रसिद्ध झाला. डॅनिश वाचणारे विद्वान थोडे. म्हणून १९२१ साली जर्मन अनुवाद निघेपर्यंत त्या प्रबंधास व्यापक प्रसिद्धी लाभली नाही. फुलदाणी व दोन चेहरे यांचे जे चित्र आज रुबिन यांच्या नावाने सर्वत्र ओळखले जाते, ते याच ग्रंथातील आहे.

रुबिन यांची साधने अगदी साधी होती: कागदावरील निरर्थक आकार आणि लक्षपूर्वक पाहून जे दिसले ते वर्णन करणारे निरीक्षक. मात्र त्यांचे वर्णन कमालीचे नेमके होते. त्यांनी नोंदविले की, दोन क्षेत्रे एका रेषेने विभागली असता सामान्यतः एक क्षेत्र ‘आकृती’ म्हणून व दुसरे ‘भूमी’ म्हणून दिसते. आकृतीस वस्तूचे रूप असते. भूमी एखाद्या द्रव्याप्रमाणे पसरलेली व निराकार भासते. आकृती अलीकडे, भूमी पलीकडे असते. भूमी आकृतीच्या काठाशी थांबत नाही, तर तिच्या मागून अखंड गेलेली वाटते. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, दोन क्षेत्रांना समाईक असलेली सीमारेषा एकाच क्षेत्रास आकार देते. दुसऱ्याच्या वाट्यास तिच्यातून काहीच येत नाही. फुलदाणी दिसत असताना चेहऱ्यांना आकार नसतो, आणि चेहरे दिसू लागताच फुलदाणी केवळ मधली मोकळी जागा होऊन बसते.

येथे परिभाषेविषयी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. मराठीत या दुसऱ्या क्षेत्रास ‘पार्श्वभूमी’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ‘पार्श्व’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘बाजू’ किंवा ‘कूस’ असा होतो. रुबिन यांच्या निरीक्षणाचे मर्म नेमके असे आहे की, आकृतीच्या बाजूस असलेले क्षेत्र बाजूस राहत नाही. ते मागे जाते. कागदावर जे पार्श्व असते, ते संवेदनात पृष्ठ होते. म्हणून प्रस्तुत लेखात रुबिन यांच्या मूळ शब्दाच्या जवळचा ‘भूमी’ हाच शब्द योजिला आहे.

आकृती व भूमी हा भेद केवळ वर्णनापुरता नाही, हे दाखविण्यासाठी रुबिन यांनी स्मृतीचे प्रयोग केले. निरीक्षकांना काही चित्रांत वेढलेले क्षेत्र, तर काहींत वेढणारे क्षेत्र आकृती म्हणून पाहण्यास सांगितले. नंतर तीच चित्रे पुन्हा दाखविली असता ज्या बाजूने आकृती पाहिली होती त्याच बाजूने पाहिल्यास ओळख पटे. बाजू उलटल्यास ती बहुधा पटत नसे. दृष्टिपटलावरील प्रतिमा दोन्ही वेळी सारखीच असली, तरी भूमीचा आकार स्मरणात राहिला नाही. कारण पाहतेवेळी तिला आकारच नव्हता.

कोणते क्षेत्र आकृती होण्याचा संभव अधिक, याचेही काही नियम रुबिन यांनी दिले. वेढलेले क्षेत्र आणि लहान क्षेत्र ही आकृती होण्याकडे झुकतात. पुढे त्यांत भर पडत गेली. १९२८ साली बान्सेन यांनी सममितीचा प्रभाव दाखविला. १९७६ साली कानिझा व जेर्बिनो यांनी फुगीर कडांचा प्रभाव सममितीहूनही बलवत्तर असल्याचे दाखविले. आणि २००२ साली चित्रातील खालचा भाग आकृती म्हणून दिसण्याकडे कल असतो, असे व्हेसेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. यादी वाढत गेली, परंतु ज्या घटनेची ही कारणे होती, ती घटना रुबिन यांनी सांगितली तीच राहिली.

४

रुबिन कोणत्याही संप्रदायाचे नव्हते. त्यांच्या निरीक्षणास उपपत्तीची चौकट दिली ती जर्मनीतील व्यूहवाद्यांनी. जर्मन ‘गेस्टाल्ट’ या शब्दास मराठीत ‘व्यूह’ हा पर्याय रूढ आहे, व या संप्रदायास व्यूह मानसशास्त्र असे म्हणतात. माक्स व्हर्टहायमर यांच्या १९१२ सालच्या भासमान गतीवरील निबंधाने त्याचा प्रारंभ झाला. त्या प्रयोगांत निरीक्षक म्हणून बसलेले व्होल्फगांग कोहलर व कुर्ट कॉफ्का हे पुढे त्याचे दोन आधारस्तंभ झाले. १९२३ साली व्हर्टहायमर यांनी सान्निध्य, साम्य, सलग गती इत्यादी तत्त्वांनी सुटे बिंदू आपोआप गटात कसे बांधले जातात, हे दाखविले. एरेनफेल्स यांच्यापुढे जाऊन त्यांनी म्हटले की, समग्रता ही घटकांनंतर येत नाही. घटक हे समग्रतेतून मागाहून वेगळे काढलेले असतात.

हे मेंदूत कसे घडते, याचे उत्तर देण्याचे धाडस कोहलर यांनी केले. भौतिकशास्त्रात विद्युत्क्षेत्रे बाहेरच्या कोणाच्या व्यवस्थेवाचून स्वतः समतोल रूप धारण करतात. मेंदूच्या बाह्यकातही अशीच क्षेत्रे असली पाहिजेत, आणि संवेदनाचा जो घाट तोच त्या क्षेत्रांचाही घाट असला पाहिजे, असे त्यांनी १९२० सालच्या ग्रंथात प्रतिपादिले. आकृती दिसते तेव्हा बाह्यकातील तत्संबंधी भागात प्रवाहाची घनता भूमीच्या भागाहून अधिक असते, असे पुढे त्यांचे म्हणणे झाले. कल्पना मोहक होती. तिच्यामुळे रुबिन यांचे वर्णन पदार्थविज्ञानाच्या भाषेत बोलता येण्यासारखे झाले.

१९३३ साली नाझी सत्तेवर आले व हा संप्रदाय मायदेशातून उखडला गेला. व्हर्टहायमर अमेरिकेस गेले. ज्यू नसलेल्या कोहलर यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वृत्तपत्रातून प्राध्यापकांच्या हकालपट्टीचा उघड निषेध केला आणि १९३५ साली तेही जर्मनी सोडून गेले. अमेरिकेत, वर्तनवादाचे वर्चस्व असलेल्या वातावरणात, त्यांनी आपली उपपत्ती प्रत्यक्ष प्रयोगास लावली. १९४९ साली त्यांनी व रिचर्ड हेल्ड यांनी दृक्‌प्रतिमेशी संबद्ध असे विद्युत्प्रवाह डोक्यावरून नोंदविल्याचे प्रसिद्ध केले.

उपपत्ती नेमकी असली की तिची परीक्षा घेता येते, आणि ती येथे घेतली गेली. प्रवाह जर संवेदनाचा आधार असेल, तर त्यास वाट चुकविणारा उत्तम वाहक बाह्यकावर ठेवल्यास दृष्टी विसकटली पाहिजे. १९५१ साली कार्ल लॅशली व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या दृक्‌बाह्यकात सोन्याच्या पट्ट्या व टाचण्या बसविल्या. माकडे आकृतींमधील भेद पूर्वीप्रमाणेच ओळखत राहिली. १९५५ साली रॉजर स्पेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या बाह्यकात अभ्रकाचे तुकडे व टँटलमच्या तारा घालून, तसेच बारीक छेद घेऊन पाहिले; तेथेही दृष्टीचा ऱ्हास अल्पच आढळला. कोहलर यांनी हे प्रयोग निर्णायक मानले नाहीत. परंतु शास्त्रज्ञांच्या बहुसंख्य वर्गाने निर्णय दिला होता, आणि विद्युत्क्षेत्राची उपपत्ती इतिहासजमा झाली.

५

ज्या दशकात हा निकाल लागला, त्याच दशकात मेंदूच्या अभ्यासाची एक निराळी पद्धत बहरास आली. एकेका मज्जापेशीजवळ सूक्ष्म विद्युदग्र नेऊन तिचे स्पंद ऐकण्याची ती पद्धत होय. १९५३ साली स्टीफन कुफ्लर यांनी मांजराच्या दृष्टिपटलातील पेशींची ग्रहणक्षेत्रे तपासली. ग्रहणक्षेत्र म्हणजे दृश्याचा तेवढाच भाग, जेथे प्रकाश पडला असता ती पेशी चेतते. त्यांच्या प्रयोगशाळेतील डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन व्हीझेल हे १९५८ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मांजराच्या दृक्‌बाह्यकातील एका पेशीस काळ्या ठिपक्याने चेतविण्याचा यत्न करीत होते. ठिपक्यास ती दाद देईना. मात्र काचपट्टी यंत्रात सरकविताना तिच्या कडेची फिकट छाया पडद्यावरून गेली, आणि पेशी एकदम स्पंदू लागली. विशिष्ट दिशेने कललेली कड हाच तिचा विषय होता. १९५९ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले, आणि १९८१ साली उभयतांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्याच पारितोषिकाचा दुसरा अर्धा भाग, मेंदूच्या दोन गोलार्धांच्या कार्याविषयी, स्पेरी यांना मिळाला, हा योगायोग लक्षणीय आहे.

या शोधाचे मोल सर्वश्रुत आहे. परंतु रुबिन यांचा प्रश्न समोर ठेवून पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. ह्यूबेल व व्हीझेल यांच्या पेशी ‘येथे कड आहे व ती अमुक दिशेची आहे’ एवढे सांगतात. कड कोणाची, हे त्या सांगत नाहीत. फुलदाणी दिसत असो वा चेहरे, मधली कड तीच व तिची दिशाही तीच. आकृती व भूमी यांची अदलाबदल होताना काय बदलते, याचा उलगडा अशा पेशींनी होत नाही. तथापि कडा जोडून रेषा, रेषा जोडून आकार व आकार जोडून वस्तू, अशी चढती उतरंड एवढी सुलभ वाटली की, प्रश्न आता केवळ वरच्या पायऱ्या शोधण्याचा उरला आहे, अशी समजूत पसरली. हेल्महोल्ट्झ यांच्या काळी बिंदूंविषयी जे गृहीत धरले गेले होते, तेच आता कडांविषयी गृहीत धरले गेले.

त्या काळच्या प्रयोगपद्धतीचीही एक मर्यादा होती. प्राणी बधिरावस्थेत असे. पेशीच्या ग्रहणक्षेत्राबाहेर काय आहे, याचा परिणाम नेमका जागेपणीच दिसत असेल, तर तो तेथे दिसणे दुरापास्त होते. ही शंका पुढे खरी ठरली.

६

प्रश्न पुन्हा दारात आला तो एका चित्राच्या निमित्ताने. १९५५ साली त्रिएस्त येथील गाएतानो कानिझा यांनी एक आकृती प्रसिद्ध केली. तीन काळ्या तबकड्यांतून प्रत्येकी एक फोड कापून त्या योग्य जागी मांडल्या असता, मधे एक लख्ख पांढरा त्रिकोण दिसतो. त्याच्या बाजूंचा बराचसा भाग कागदावर मुळीच नसतो. जेथे प्रकाशाचा काहीच फरक नाही तेथेही मेंदू कड निर्माण करतो. कारण तीन तबकड्यांवर ठेवलेला एक त्रिकोण असा त्याने त्या दृश्याचा अर्थ लावलेला असतो. १९८४ साली झुरिक येथे रुडिगर फॉन डेर हाइट, पीटरहान्स व बाउमगार्टनर यांना माकडाच्या दुसऱ्या दृक्‌क्षेत्रात अशा भासमान कडांस प्रतिसाद देणाऱ्या पेशी आढळल्या. पेशीच्या ग्रहणक्षेत्रात काहीही नसताना, सभोवारच्या रचनेमुळे ती चेतत होती.

१९९५ साली व्हिक्टर लॅमे यांनी जागृत माकडांवर पुढील प्रयोग केला. बारीक तिरप्या रेघांनी भरलेल्या पडद्यावर एक चौकोन उलट दिशेच्या रेघांनी दाखविला. पेशीच्या ग्रहणक्षेत्रात पडणाऱ्या रेघा दोन प्रसंगी अगदी सारख्या ठेवल्या. एकदा त्या चौकोनाचा भाग होत्या, एकदा भूमीचा. पहिल्या दृक्‌क्षेत्रातील पेशीचा आरंभीचा प्रतिसाद दोन्ही वेळी समानच होता. परंतु काही दशक सहस्रांश सेकंदांनंतर आकृतीच्या बाबतीत तो वाढलेला दिसला. १९९८ साली लॅमे व सहकाऱ्यांनी असेही दाखविले की, प्राणी बधिर केला असता दिशा ओळखण्याचा पेशीचा गुण टिकतो, पण आकृतीविषयीची ही वाढ नाहीशी होते.

रुबिन यांच्या प्रश्नास थेट भिडणारा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. तो ज्या विद्यापीठात ह्यूबेल व व्हीझेल यांच्या हाताखालून काचपट्टीची छाया सरकली होती, त्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात होंग झोउ, हॉवर्ड फ्रीडमन व फॉन डेर हाइट यांनी केला. त्याची योजना समजावून घेण्यासारखी आहे. एका पेशीच्या ग्रहणक्षेत्रात एक उभी कड आहे; तिच्या डावीकडे उजेड, उजवीकडे अंधार. ही कड दोन प्रकारे उत्पन्न करता येते. काळ्या भूमीवर पांढरा चौकोन डावीकडे ठेवावा. म्हणजे ती त्या चौकोनाची उजवी बाजू होईल. अथवा पांढऱ्या भूमीवर काळा चौकोन उजवीकडे ठेवावा. म्हणजे ती त्याची डावी बाजू होईल. चौकोन ग्रहणक्षेत्राच्या मानाने इतके मोठे की, पेशीच्या छोट्याशा खिडकीतून पाहता दोन्ही दृश्यांत तिळमात्र अंतर नाही. तरीही अनेक पेशी एका मांडणीस जोराने व दुसरीस मंदपणे प्रतिसाद देत होत्या. काही पेशी आकृती डावीकडे असता, तर काही ती उजवीकडे असता अधिक चेतत. पहिल्या दृक्‌क्षेत्रात अशा पेशींचे प्रमाण शेकडा १८, दुसऱ्यात ५९ आणि चौथ्यात ५३ आढळले. प्रतिसाद सुरू झाल्यापासून सुमारे २५ सहस्रांश सेकंदांच्या आत हा भेद प्रकट होत असे.

संशोधकांनी या गुणास ‘सीमेचे स्वामित्व’ असे नाव दिले. सीमारेषा एकाच बाजूची असते, हे रुबिन यांनी १९१५ साली लिहिले होते. आता त्या स्वामित्वाची नोंद ठेवणारी पेशी सापडली होती.

शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या आडव्या तंतूंतून एवढ्या दूरची वार्ता इतक्या त्वरेने येणे कठीण दिसते. म्हणून वरच्या क्षेत्रांतील पेशी दृश्याचा स्थूल घाट जाणून खालच्या पेशींना परतीचा संदेश देत असाव्यात, असे अनुमान फॉन डेर हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले आहे. ते ग्राह्य असेल, तर एक विलक्षण फेरा पूर्ण होतो. विद्युत्क्षेत्रे नाहीत, सोन्याच्या पट्ट्यांनी अडावेत असे प्रवाह नाहीत. परंतु समग्राने अंशाचे रूप ठरवावे, हे व्यूहवाद्यांचे सूत्र मज्जातंतूंच्या निराळ्या यंत्रणेने खरे ठरते.

७

आकृती प्रथम वेगळी होते व ओळख मागाहून पटते, असा क्रम रुबिन यांच्यानंतर बहुतेकांनी स्वीकारला होता. या क्रमातही पुढे दुरुस्ती करावी लागली. १९९१ सालापासून मेरी पीटरसन यांनी असे दाखविले की, सीमारेषेच्या एका बाजूस परिचित आकार, उदाहरणार्थ उभ्या स्त्रीची छाया, असेल तर ती बाजू आकृती होण्याचा संभव वाढतो, आणि चित्र उलटे केल्यास तो संभव घटतो. परिचय हा निवाड्यानंतर येणारा साक्षीदार नसून निवाड्यातही त्याचे मत घेतले जाते. हेल्महोल्ट्झ यांनी पूर्वानुभवास दिलेले स्थान अशा रीतीने अंशतः परत मिळाले.

मग ही शक्ती उपजत की अर्जित? डोनाल्ड हेब यांनी १९४९ सालच्या ग्रंथात, जन्मांधांच्या शस्त्रक्रियांची फॉन सेंडेन यांनी १९३२ साली संकलित केलेली वृत्ते आधारास घेऊन, असा भेद केला होता की, भूमीपासून आकृती सुटी दिसणे हे उपजत. ती कोणती हे ओळखणे शिकावे लागते. या मताची परीक्षा भारतात झाली. पवन सिन्हा यांच्या पुढाकाराने दिल्लीत सुरू झालेल्या ‘प्रकाश’ प्रकल्पात जन्मतः दृष्टी नसलेल्यांवर उपचार केले जातात व उपचारानंतर त्यांच्या दृष्टीचा विकास अभ्यासिला जातो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात अशा तीन व्यक्तींची निरीक्षणे आहेत. नव्याने दृष्टी लाभल्यावर त्यांना स्थिर चित्रे विखुरलेल्या तुकड्यांची दिसत. रंगाचा वा उजेडाचा प्रत्येक पट्टा त्यांस स्वतंत्र वस्तू वाटे. एकमेकांवर आलेले दोन आकार त्यांना दोन म्हणून मोजता येत नसत. मात्र आकार हलू लागताच एकत्र सरकणारे तुकडे एका वस्तूचे होऊन जात. पुढे काही महिन्यांच्या अनुभवानंतर स्थिर चित्रांतही त्यांची प्रगती दिसून आली.

या निष्कर्षाचे महत्त्व दुहेरी आहे. हेब यांनी जी पायरी उपजत मानली, ती निदान स्थिर दृश्यात उपजत नाही. दुसरीकडे, एकत्र सरकणाऱ्या गोष्टी एक गट होतात, हे व्हर्टहायमर यांनी १९२३ साली सांगितलेल्या तत्त्वांपैकीच एक होय. दृष्टीच्या शिक्षणात ते सर्वांत आधी हाती येणारे साधन असावे, असे यावरून दिसते. ज्याला दृष्टी नुकतीच मिळाली त्याच्या दृष्टीने जग तुकड्यांचे असते, ही गोष्ट डोळस माणसाला आपल्या रोजच्या पाहण्यात किती कार्य दडलेले आहे याची जाणीव करून देते.

८

भाषेच्या अभ्यासकांनाही हा इतिहास परका नाही. १९७० नंतरच्या दशकात लेनर्ड टाल्मी यांनी आकृती व भूमी या संज्ञा मानसशास्त्रातून घेऊन वाक्यरचनेस लावल्या. ‘विहिरीजवळ कळशी आहे’ हे वाक्य मराठीत सहज आहे. ‘कळशीजवळ विहीर आहे’ हे ऐकताच कान अडखळतो. भूमितीच्या दृष्टीने सान्निध्य हा दुतर्फा संबंध आहे. दोहोंतील अंतर तेच राहते. भाषेत मात्र एक पद स्थिर आधार होते व दुसरे त्याच्या आश्रयाने सांगितले जाते. मराठी ही वाटणी रूपानेही दाखविते: आधारभूत पदाचे सामान्यरूप होऊन त्यास शब्दयोगी अव्यय जडते, आणि ज्याविषयी सांगावयाचे ते पद प्रथमेत राहते. यावरून वाक्य आणि दृश्य यांची यंत्रणा मेंदूत एकच आहे, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. तथापि समान संबंधातील दोन पदांना असमान स्थान देणे ही प्रवृत्ती दोन्हीकडे आढळते, हे निरीक्षण म्हणून नोंदविण्यास हरकत नाही. आणि निरीक्षणाचे मोल उपपत्तीच्या आधी असते, हेच या इतिहासाने शिकविले आहे.

लॅशली व स्पेरी यांनी कोहलर यांच्या उपपत्तीचे जे खंडन केले ते योग्यच होते. चूक झाली ती त्यानंतर. प्रवाह नाहीत असे सिद्ध झाले, तेव्हा प्रवाहांनी ज्याचे स्पष्टीकरण द्यावयाचे होते ते वास्तव मात्र जागच्या जागी होते. रुबिन यांच्या ग्रंथातील वर्णन कोणीही कागदावर पडताळून पाहू शकत होता. तरीही शरीरक्रियाशास्त्राने पुढील तीन-चार दशके बहुतांशी अशाच प्रश्नांची उत्तरे दिली, जे त्याच्या साधनांना सुचत होते. पेशीस काय विचारावे, हे ठरविण्यासाठी अखेरीस १९१५ सालच्या त्या साध्या वर्णनाकडेच परतावे लागले. २००० सालच्या प्रयोगातील चौकोनांची योजना पाहिली असता ती विद्युदग्राइतकीच त्या वर्णनाचीही ऋणी आहे, असे म्हणावे लागते.

अनुभवाचे नेमके वर्णन हे शास्त्राच्या प्राथमिक अवस्थेचे लक्षण मानून पुढे टाकून देण्याची रीत अनेक विद्याशाखांत आहे. भाषाशास्त्रातही ती अधूनमधून दिसते. या रीतीस प्रस्तुत इतिहास पुष्टी देत नाही. वर्णन हे पुढील उत्तराने पुरे करावयाचे कर्ज असते. उपपत्ती दिवाळखोर निघाली म्हणून ते फिटत नाही. ‘ठ’ या अक्षराच्या पोटातील पांढरी तबकडी वाचकास का दिसत नाही, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आजही मिळालेले नाही. परंतु तो प्रश्न विचारण्याजोगा आहे, याविषयी आता शंका उरलेली नाही.